‘जुने’ नावाचा दुवा

सोमवारी दुपारी तीन वाजता काय झालं होतं, ते मला गुरुवारी कळलं.

शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. मी घरून काम करणारी प्रोग्रामर. राजारामपुरीत आमचं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या एका खिडकीशी माझं टेबल. फौंड्रीत महिन्याकाठी एखादी फेरी व्हायची, बाकी सगळं इथूनच. मालक साठीतले, हातकणंगल्याकडच्या जैन शेतकरी घरातले. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले होते.

मी मेथी निवडत होते तेव्हा अण्णांचा फोन आला.

“मॅडम, पॅटर्नचा फोल्डर रिकामा दिसालाय. काय काम काढलंय काय तुम्ही?”

“नाही अण्णा, माझं काहीच चालू नाही.”

हे खरं नव्हतं, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बिडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. त्यालाच पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. त्या फौंड्रीतले बहुतेक जुने पॅटर्न एकाच माणसाच्या हातचे होते. सत्तरी ओलांडलेले सुतार, साऱ्या कारखान्याचे चाचा. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी सकाळचे दोन तास ते येऊन बसायचेच. प्रत्येक पॅटर्नचं ड्रॉइंग त्यांनी पेन्सिलीनं कागदावर काढलेलं होतं आणि त्या कागदांच्या गुंडाळ्या लाकडी कपाटात ठेवलेल्या होत्या. कपाटाला वाळवी लागली तेव्हा अण्णांनी सगळं स्कॅन करून घ्यायचं ठरवलं. ते काम केलं ड्रॉइंग विभागातल्या बाईंनी. माझ्याच वयाच्या, माहेर मलकापूरचं, सासर फौंड्रीपासून चालत दहा मिनिटांवर. चाचांना शेजारी बसवून आठ महिने त्या एकेक गुंडाळी उलगडत होत्या. कागदावर जे पुसट झालं होतं ते चाचा तोंडी सांगत आणि बाई ते कडेला टिपून ठेवत. स्कॅन झालेले वाळवीचे कागद मग भट्टीत जात.

म्हणजे रिकामा दिसत होता तो हाच फोल्डर.

मेथी तशीच टाकून मी गाडी काढली. तावडे हॉटेलच्या चौकात वाहतूक तुंबली होती. तिथं उभ्या उभ्या मी मनातल्या मनात कारणं लावत होते. डिस्क गेली असेल. कुणीतरी फोल्डर चुकून दुसरीकडे ओढला असेल. माझं नाव असलेलं कारण त्या यादीत नव्हतं.

सर्व्हरवर ‘तात्पुरते’ नावाचा एक फोल्डर होता. ज्याला जे हवं ते त्यात टाकावं, काम करावं. तिथं कचरा फार साचायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. रोज दुपारी तीनला, पाळी बदलताना, तो ‘तात्पुरते’मध्ये शिरायचा, आतल्या फोल्डरांतून फिरायचा आणि पंधरा दिवसांपेक्षा जुनी फाइल दिसली की पुसायचा. काय काय पुसलं याची नोंदही ठेवायचा. फौंड्रीत पोहोचताच ती नोंद मी उघडली. सोमवारची यादी संपेचना. प्रत्येक ओळीची सुरुवात एकच, ‘तात्पुरते’, मग ‘जुने’, मग एखाद्या पॅटर्नचं नाव. पंप बॉडी. गिअर केसिंग. उसाच्या चरकाचं बेअरिंग.

‘जुने’ हा फोल्डर नव्हताच. तो दुवा होता. म्हणजे दिसायला फोल्डर, पण आत फक्त दुसऱ्या जागेचा पत्ता. तो पत्ता होता पॅटर्नच्या मुख्य फोल्डरचा. बाईंना सारखं या फोल्डरातून त्या फोल्डरात जावं लागायचं, ते वाचवायला त्यांनी सोमवारी सकाळी तो केला होता. माझ्या प्रोग्रामनं त्याला फोल्डर समजून दार ढकललं, पलीकडे गेला आणि तिथं जे होतं ते सगळंच पंधरा दिवसांपेक्षा जुनं असल्यानं पुसून आला. बाईंनी त्या फाइलींना कुणी हात लावू नये म्हणून कुलूप घातलं होतं, पण प्रोग्रामला मी सर्व अधिकार देऊन ठेवले होते. त्याला कुलूप लागू नव्हतं. संध्याकाळी सर्व्हरची जुळी प्रत तयार झाली, ती इमानदारीनं तशीच, रिकाम्या फोल्डरासकट. पुढचे दोन दिवस बाई रजेवर होत्या, म्हणून गुरुवारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी खुर्चीतच बसून होते. मागून अण्णांचा आवाज आला.

“कळलं काय?”

“हो.”

“कुणामुळं झालं?”

त्यांच्यामागे दारात बाई उभ्या होत्या. मी पडद्याकडे बघत म्हणाले, “‘तात्पुरते’मध्ये मुख्य फोल्डरचा दुवा केला गेला होता. त्यामुळे साफसफाईत ते गेलं.”

“दुवा कुणी केलता?”

दुव्याच्या समोर, तो करणाऱ्याच्या रकान्यात, बाईंचं लॉगिन दिसत होतं. मी ते वाचून दाखवलं. बस, एवढंच केलं. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

अण्णा वळले. “आठ महिन्यांचं काम ओ! चाचांचा जीव हाय त्यात. कुणाला इचारून केलासा?” बाईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात साच्याच्या खात्यातले दोघे-तिघे आवाज ऐकून आत आले होते, आणि त्यांच्यासमोर अण्णांचा पारा आणखी चढला. “चार दिवस घरात बसा. मग बघू.”

बाई माझ्याकडे बघून गेल्या. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. त्यांना कदाचित वाटत होतं की मी अजून काहीतरी बोलणार आहे.

शुक्रवारी मी काम केलंच नाही असं नाही. अण्णांच्या कपाटात दसऱ्याला भरून ठेवलेली एक डिस्क होती. तिच्यावरून बहुतेक ड्रॉइंग्ज परत आली. पण दसऱ्यानंतर स्कॅन झालेली चाळीसेक नव्हती, आणि त्यांचे कागद जळून गेले होते. पुसलेल्या जागेतून काही उकरून काढता येतं का हे मी तीन निरनिराळ्या साधनांनी पाहिलं. तुकडे आले, अर्धी वर्तुळं, नुसत्या रेघा. प्रोग्रामही दुरुस्त केला. आता तो आत जाण्याआधी विचारत होता, हा दुवा आहे का? असला तर सोडून देत होता. चार ओळी वाढल्या. त्या चार ओळी दोन वर्षांपूर्वी लिहिल्या असत्या तर, या विचारानं मी उठायची, गॅलरीत जायची, परत येऊन बसायची. नवऱ्यानं विचारलं, “झालंय काय तुला?” मी म्हणाले, “कामाचं आहे.” तेही खरंच होतं. त्या दिवसांत मला खरं बोलण्याची फार सवय लागली होती.

रविवारी आधीच ठरल्याप्रमाणे आम्ही जोतिबाला गेलो. रांगेत उभी असताना मी मोबाइलवरून सर्व्हर उघडला. का, ते सांगता येणार नाही. तिथं बघण्यासारखं नवीन काही नव्हतं. बोटांना गुलाल होता, त्यानं पडदा गुलाबी झाला, आणि ती यादी त्या रंगातून मी पुन्हा वाचली. मागची बाई म्हणाली, “पुढं सरका की ओ.” मी सरकले. देवासमोर नेमकी कधी पोहोचले आणि काय मागितलं, आठवत नाही. परत येताना घाटात मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हणाले, “त्यांची चूक नाही. माझी आहे.” त्यानं गाडी हळू केली आणि फक्त एवढंच विचारलं, “मग हे सांगायचं कुणाला ऱ्हायलंय?”

सोमवारी सकाळी अण्णांच्या केबिनमध्ये चाचाही होते. ते उठू लागले तर मी म्हणाले, “बसा चाचा, तुम्हीही ऐका.” मग सगळं सांगितलं. दुवा करणं ही चूक नव्हती. असे दुवे लोक रोज करतात, त्यासाठीच ते असतात. दुवा समोर आला तर काय करायचं हे बघणं प्रोग्राम लिहिणारीचं काम होतं, ते मी केलं नाही. वर त्याला नको तेवढे अधिकार दिले. आणि गुरुवारी हे कळूनही मी अर्धंच सांगितलं.

अण्णा टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले.

चाचांनी मध्येच विचारलं, “दुवा म्हंजे काय गं बेटी? आमी तर दुवा देतो लोकास्नी.”

मी समजावलं. ते मान हलवत म्हणाले, “म्हंजे बोट दावणं. बोट दावणाऱ्याचा काय गुन्हा?”

अण्णा म्हणाले, “बाईला मी चारचौघांत घालवलं. फोन केला तर उचलत न्हाय. माहेराला गेलीय म्हणं. आता?”

“मी जाते,” मी म्हणाले.

रत्नागिरी रस्त्याला लागलेली एसटी बांबवड्यात पंधरा मिनिटं थांबली. मला खाली उतरून चालत सुटावंसं वाटत होतं. काय बोलायचं याची वाक्यं मी वाटेत जुळवली, आणि प्रत्येक वाक्यात मी थोडी थोडी सुटत होते. प्रोग्राम जुना होता. कामाचा ताण होता. तीही खरी होती. मलकापूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यातलं एकही वाक्य बोलायचं नाही एवढंच ठरवलं होतं. पत्ता नव्हता, नुसतं आडनाव. पानाच्या टपरीवाल्यानं वरखाली पाहिलं. “कुणाकडं आलायसा पावणं?” मग दोन गल्ल्या पलीकडे घराच्या दारापर्यंत स्वतः आणून सोडलं.

बाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. त्यांच्या आईनं पाणी आणलं आणि आत गेली.

मी सांगितलं. शेंगा फोडायचा आवाज थांबला नाही.

“मला म्हाईत हुतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दुव्यातनं आपोआप काय पुसत न्हाय ते. दुवा करायला तुम्हीच शिकवलतं की. गेल्या पावसाळ्यात. वहीत लिवून ठेवलंय मी.”

मला आठवलं. फौंड्रीत त्यांच्याच टेबलाशी उभी राहून मी एका ओळीची ती आज्ञा त्यांना दाखवली होती, आणि “काही धोका नाही, मूळ फाइलला हात लागत नाही” असंही म्हणाले होते. एवढे दिवस ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. की मीच घालवलं होतं, कोण जाणे.

“मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?”

“तुम्ही बोलताय का बघत हुतो.” आमच्याकडच्या बऱ्याच बाया असंच बोलतात, आलो-गेलो, पुरुषासारखं. पण त्या एका ‘बघत हुतो’नं मला मान वर करता येईना.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली का टाकली, चेहऱ्यावरून कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, “आता काय केलाय प्रोग्रामात?”

या प्रश्नानं मला हायसं वाटलं. मी उत्साहानं सांगू लागले. आता तो आधी तपासतो. दुवा असला तर आत जात नाही. खरा फोल्डर असेल तरच जातो.

“आधी बघतो, मग जातो?”

“हो.”

“आन् बघून झाल्यावर, आत जायच्या आत, मी तो फोल्डर हलवला आन् त्याच नावाचा दुवा ठेवला तर?”

मी म्हणाले, “इतक्या कमी वेळात कोण ठेवेल?”

“मी दिसभर फोल्डरच हलवतो की. तीन वाजता बी हलवत असतो.”

बघणं आणि जाणं यांच्यात फट होती. डोळ्याची पापणी लवायलाही पुरणार नाही एवढी, पण होती. मी शुक्रवारी जे बुजवलं होतं, ते फट सोडून बुजवलं होतं. आणि ते मला शेंगा फोडता फोडता या बाईंनी दाखवलं.

घरी परतल्यावर मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर खोट्या फाइलींचा तसाच पसारा मांडला. एक छोटा प्रोग्राम लिहिला, जो एकाच नावाखाली एकदा खरा फोल्डर आणि एकदा दुवा ठेवत राहील, थांबल्याशिवाय. दुसऱ्या बाजूनं माझी दुरुस्त केलेली साफसफाई पुन्हा पुन्हा चालवली. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मी उठून कणीक मळायला घेतली. परत येऊन पाहिलं तर पलीकडच्या फोल्डरातल्या फाइली गेल्या होत्या.

पुढचे चार दिवस मला एका जागी बसवेना. जेवता जेवता उठून काहीतरी टाइप करायची. दोन उपाय लिहिले आणि खोडले. एकात मी दोनदा तपासत होते. म्हणजे एका फटीच्या दोन फटी झाल्या. शेवटी मुळापासून उलट केलं. आधी नाव बघायचं आणि मग नावावर भरवसा ठेवून आत जायचं, हेच सोडलं. आता फोल्डर उघडतानाच ऑपरेटिंग सिस्टिमला बजावायचं, हे नाव दुवा निघालं तर उघडूच नकोस. तपासणं आणि उघडणं एकाच झटक्यात, मध्ये कुणाला शिरायला जागा नाही. एकदा उघडला की तो फोल्डर सोडायचा नाही, धरून ठेवायचा. बाहेर कुणी ते नाव बदलो, तिथं काहीही आणून ठेवो, धरलेला फोल्डर तोच राहतो. पुसायचं ते त्या धरलेल्याच्या आतलं, परत पहिल्यापासून पत्ता वाचत यायचं नाही. आतल्या प्रत्येक फोल्डरासाठी तेच. आणि प्रोग्रामचे अधिकार काढून घेतले. ‘तात्पुरते’च्या बाहेर त्याला आता साधी फाइलसुद्धा पुसता येत नाही. हे सगळं काही मी शोधून काढलेलं नव्हतं. सोय सिस्टिममध्ये कितीतरी वर्षांपासून होती. मी वाचलं नव्हतं.

लॅपटॉपवर अदलाबदल सुरू ठेवून नवा प्रोग्राम मी दोन दिवस सलग चालवला. दर तासाला जाऊन फाइली मोजायची. एकही कमी झाली नाही, तरी मोजायची.

बाई आठवड्यानं परत आल्या. अण्णांनी साच्याच्या खात्यातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, “त्या दिवशी माझं चुकलं.” बोलताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, पण आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेलं. बाईंनी मान हलवली आणि कामाला लागल्या.

मग गेलेल्या चाळीस ड्रॉइंग्जचं काम निघालं. चाचा आणि बाई पॅटर्नच्या खोलीत बसले. चाचांनी एकेक लाकडी पॅटर्न मांडीवर घ्यायचा, पट्टी लावायची आणि माप सांगायचं. त्यांची पट्टी नेहमीची नव्हती. रस थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी ही पट्टीच मुद्दाम मोठी आखलेली असते. हे माहीत नसलेल्यानं साध्या पट्टीनं मोजलं असतं तर सगळी मापं चुकली असती. मीही दोन दिवस तिथं जाऊन बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आकडे लिहून घेत होते, बाई ते पुन्हा तपासत होत्या. माझे दोन चुकले, ते त्यांनी न बोलता खोडून नीट केले.

सात पॅटर्न सापडलेच नाहीत. ते केव्हाच मोडीत निघाले होते. त्यातली दोन ड्रॉइंग्ज चाचांनी डोळे मिटून, आठवून काढली. तिसऱ्यापाशी अडले. पेन्सिल ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “न्हाय येत. गेलं त्ये.” पाच गेलीच. त्यांच्या जागी बाईंनी फोल्डरमध्ये पाच रिकाम्या फाइली नावं घालून ठेवल्या. त्या अजून आहेत.

नवा प्रोग्राम सर्व्हरवर चढवला त्या दिवशी मी फौंड्रीतच होते. तीनला पाच कमी असताना बाईंनी ‘तात्पुरते’मध्ये एक दुवा करून ठेवला. मला विचारलं नाही. तीन वाजले. प्रोग्राम चालला, नोंदीत एक ओळ आली की हा दुवा आहे, उघडला नाही. बाईंनी पॅटर्नचा फोल्डर उघडून फाइली वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मग म्हणाल्या, “उद्या परत करून बघतो.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच करून पाहिला. आठवडाभर रोज.

तोच जुना प्रोग्राम मी आणखी चार ठिकाणी देऊन ठेवला होता. चारही ठिकाणी सुदैवानं काही झालेलं नव्हतं, गुपचूप बदलला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी चौघांना आधी फोन केला आणि मग जाऊन, समोर बसून सांगितलं की माझ्या हातून काय राहिलं होतं, दुसरीकडे त्यानं काय झालं आणि आता काय बदलते आहे. तिघांनी ऐकून घेतलं. एकानं तर मध्येच थांबवून चहा सांगितला. चौथ्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो म्हणून कळवलं. त्यांच्या सर्व्हरचे पासवर्ड मी एका कागदावर लिहून दिले, प्रोग्राम बदलून दिला आणि तो नीट चालतोय हे त्यांच्या नव्या माणसाला दाखवून घरी आले.